तुम्ही विचारलंत म्हणून: हे पॅकेज कोणत्या यादीत?

महापे येथील आमच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेली मुले-मुली पहिल्या महिन्याभरात मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो बहुधा संध्याकाळी घणसोलीहून ठाण्याकडे येणाऱ्या गाडीत, उभ्याउभ्याच विचारला जातो: "मॅडम, हे पॅकेज मुख्य यादीत टाकू की डेव्हच्या?" (पॅकेज म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता वापरता येणारा कोड; डेव्ह म्हणजे डेव्हलपमेंट, प्रोग्रॅम लिहिण्या-तपासण्याचे काम.) या प्रश्नाच्या पाठोपाठ, थोड्या दबक्या आवाजात, मनातला खरा प्रश्न येतो: सगळे एकाच यादीत टाकले तर बिघडते कुठे? ऐरोली येईपर्यंत जेवढे सांगून होते तेवढे मी सांगते. बाकीचे राहून जाते, ते येथे लिहीत आहे.

आमचे काम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालते. एका फाइलीत, म्हणजे मुख्य यादीत, सर्व्हरला (ग्राहकांसाठी प्रोग्रॅम जेथे प्रत्यक्ष चालतो त्या यंत्राला) लागणारी पॅकेजेस असतात आणि दुसरीत, म्हणजे डेव्हच्या यादीत, फक्त आम्हाला लागणारी, म्हणजे चाचण्या चालवणारे पायटेस्ट, कोडमधील चुका दाखवणारा लिंटर वगैरे; ही दुसरी फाइल आपल्या पहिल्याच ओळीत पहिलीला आत ओढून घेते. जावास्क्रिप्टमध्ये डिपेंडन्सीज आणि डेव्ह-डिपेंडन्सीज, पीएचपी भाषेच्या कंपोझर या साधनात रिक्वायर आणि रिक्वायर-डेव्ह, असा हाच भेद वेगळ्या नावांनी केलेला आहे. मुले नेमकी येथे चुकतात, कारण ती पॅकेजच्या ख्यातीवरून त्याची यादी ठरवतात. खोटी नावे-पत्ते तयार करणारे फेकर हे 'टेस्टिंगचे पॅकेज' म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्याकडे नवीन ग्राहकाला चाचणी खाते देताना त्यात नमुन्याच्या नोंदी भरणारी कमांड प्रत्यक्ष सर्व्हरवरच चालते आणि ती फेकर वापरते, म्हणून आमच्यापुरते ते मुख्य यादीतलेच आहे. पॅकेज कशासाठी लिहिले गेले हे विचारू नये. सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमधील एखादी ओळ त्याचे नाव घेते का, एवढेच पाहावे.

हे मी आज ठामपणे सांगते, पण शिकले ते एका फजितीतून. काही वर्षांपूर्वी वाशीच्या भुसार बाजारातील एका व्यापाऱ्यासाठी आम्ही उधारीचा हिशेब ठेवणारी प्रणाली केली होती. रोज रात्री 2 वाजता त्यातील एक काम आपोआप सुरू होई आणि कोणाची मुदत केव्हा भरते याचा तक्ता तयार करून गाळ्यावर मेलने पाठवी. पुढे त्यांनी मुदत तीस दिवसांऐवजी 'बरोबर एक महिना' धरण्यास सांगितले. 31 जानेवारीत एक महिना मिळवला की फेब्रुवारीची अखेर यायला हवी, आणि पायथनच्या स्वतःच्या तारखांच्या साधनांत महिना मिळवण्याची सोय नाही. आमच्या एका मुलाने त्यासाठी डेटयूटिल हे तारखांचे पॅकेज वापरले. ते त्याच्या लॅपटॉपवर आधीपासून होतेच. टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे चाचण्या पास झाल्या, बदल तपासून मंजूर मीच केला, संध्याकाळी नवीन आवृत्ती चढली आणि सर्व्हर कोणतीही कुरकुर न करता सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गाळ्यावरच्या मेहताजींचा फोन आला: "ताई, आजचा तक्ता आला नाही. वसुलीला माणूस पाठवू तरी कुणाकडे?" सर्व्हरच्या लॉगच्या, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींच्या, शेवटी एकच ओळ होती: डेटयूटिल नावाचे मॉड्यूल सापडले नाही.

ते लॅपटॉपवर आले कोठून, हे शोधायला दुपार झाली. 'आज 31 जानेवारी आहे' असे टेस्टला भासवण्यासाठी आम्ही डेव्हच्या यादीतील फ्रीझगन हे पॅकेज वापरत होतो. फ्रीझगनला स्वतःला डेटयूटिल लागते, त्यामुळे त्याच्या वऱ्हाडातून ते न बोलावता आमच्या घरी आले होते. टेस्ट जेथे आपोआप चालतात त्या यंत्रावर आम्ही दोन्ही याद्या बसवत असल्यामुळे तेथेही ते हजर होते. सर्व्हरवर फक्त मुख्य यादी बसत होती आणि तीत त्याचे नाव नव्हते. शिवाय डेटयूटिलला बोलावणारी ओळ, म्हणजे इम्पोर्ट, एका फंक्शनच्या (हाक मारल्यावरच चालणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) आत लिहिलेली असल्यामुळे रात्री 2 वाजेपर्यंत त्या ओळीला कोणी हातच लावला नव्हता.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पिप-टूल्स हे याद्या तयार करणारे साधन वापरून आता आम्ही हाताने फक्त छोटी यादी लिहितो, म्हणजे आमचा कोड ज्यांना स्वतः हाक मारतो तेवढ्यांचीच. त्यावरून नेमक्या आवृत्त्यांसह मोठी यादी यंत्र तयार करते आणि प्रत्येक नावाजवळ ते कोणामुळे आले हेही नोंदवते. ती नोंद तेव्हा असती तर फ्रीझगन पाच मिनिटांत सापडले असते. डेव्हची यादी तयार करताना मुख्य यादीतील आवृत्त्यांचे बंधन तिला घालावे लागते, नाहीतर वेबच्या कामाच्या जँगो या पॅकेजची लॅपटॉपवर एक आवृत्ती आणि सर्व्हरवर दुसरी असा प्रकार होतो. दुसरा बदल असा की, प्रत्येक बदलानंतर एका रिकाम्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या जागेत, केवळ मुख्य यादी बसवली जाते आणि एक लहानशी स्क्रिप्ट आमचे प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, उघडून पाहते. फंक्शनच्या आत दडलेले इम्पोर्ट तिला दिसत नाहीत, म्हणून ते फाइलीच्या माथ्यावरच हवेत असे लिंटरलाही बजावून ठेवले आहे. (प्रकल्पाची माहिती असलेल्या पायप्रोजेक्ट फाइलीतच पॅकेजांचे असे गट लिहिण्याचे प्रमाण पायथनने 2024 मध्ये स्वीकारले. ते चांगले आहे आणि नवीन कामात आम्ही तेच वापरतो. पण गट कोठेही लिहिले तरी ही तपासणी लागतेच.)

मग सगळेच मुख्य यादीत टाकले असते तर ही फजिती टळली नसती का? त्या दिवसापुरती टळली असती. पण सर्व्हरवरील प्रत्येक पॅकेज वेळोवेळी अद्ययावत करावे लागते आणि त्यातील दोष बाहेर आला की रात्री उठून कोणालातरी पाहावे लागते. टेस्टच्या साधनांसाठी ती रात्र जागवण्याची माझी तयारी नाही. मात्र डेव्हची यादी म्हणजे ढिलाईचा परवाना, असाही समज नको. जुलै 2018 मध्ये जावास्क्रिप्टच्या लिंटरला लागणाऱ्या ईएसलिंट-स्कोप या पॅकेजची एक बिघडवलेली आवृत्ती एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावर चढवण्यात आली होती, आणि ती चोरत होती ती प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या यंत्रावरील एनपीएमच्या लॉगिनची गुप्त माहिती. अशी साधने सर्व्हरवर सहसा जातही नाहीत.

दोन याद्यांत न बसणारेही काही असते. पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारे सायकॉपजी-2 हे पॅकेज याचे उत्तम उदाहरण आहे: त्याची तयार बांधलेली बायनरी आवृत्ती विकास आणि चाचणीसाठी सोयीची, पण प्रोडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, मूळ कोडवरून बांधलेली वापरावी, असे त्याचे कर्तेच सांगतात. तसे बांधायला सी भाषेचा कंपायलर (कोडवरून यंत्राला चालवता येणारा प्रोग्रॅम बांधणारे साधन) आणि पोस्टग्रेसच्या हेडर फाइली लागतात. चालवायला त्यांतील काहीच लागत नाही, पोस्टग्रेसची एक लायब्ररी पुरते. ठाण्यात नौपाड्यात सध्या गल्लोगल्ली दिसणाऱ्या परांच्यांसारखे हे सामान आहे, आणि राहायला जाताना कोणी परांची सोबत नेत नाही. 2017 पासून डॉकर या कंटेनरच्या साधनात एका टप्प्यात बांधून दुसऱ्या टप्प्यात फक्त तयार वस्तू उचलण्याची सोय आहे, ती यासाठीच वापरावी. टाइपस्क्रिप्टचेही (जावास्क्रिप्टवर बेतलेली, आधी बांधावी लागणारी भाषा) तसेच: आधी सगळे बसवून बांधायचे आणि मगच डेव्हची पॅकेजेस वगळायची. हा क्रम उलटा झाला की बांधणीच अडते, आणि मुले टाइपस्क्रिप्टला मुख्य यादीत ढकलून मोकळी होतात.

राहता राहिली 'फक्त प्रोडक्शन' अशी तिसरी यादी. गुनिकॉर्नसाठी, म्हणजे सर्व्हरवर पायथनचे वेब प्रोग्रॅम चालवणाऱ्या पॅकेजसाठी, ती करावी असा आग्रह मला दर वर्षी कोणीतरी करते, कारण ते विंडोजवर चालत नाही आणि आमच्यापैकी निम्म्यांचे लॅपटॉप विंडोजचे आहेत. मी नाही म्हणते. जे फक्त प्रोडक्शनमध्येच बसते, त्याची पहिली चाचणी ग्राहकासमोर होते. गुनिकॉर्न मुख्य यादीतच राहते आणि विंडोजवर ते वगळावे अशी अट त्याच ओळीत, नावापुढे, लिहिता येते.