बाहुलीचा गुडघा

बँकेत ३१ वर्षं नोकरी झाली. त्यातली निम्मी तरी शिक्के मारण्यात गेली असावीत. सकाळी आल्या आल्या तारखेच्या शिक्क्याची चक्रं फिरवायची. विसरलं, तर दिवसभराच्या सगळ्या स्लिपा कालच्या. मग पॅडवर एक धप्प, स्लिपेवर एक धप्प. 'रोख मिळाली'. शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ म्हणायचे, "मॅडम, तुमचा शिक्का जिन्यापर्यंत ऐकू येतो." हे ते कौतुकानेच म्हणत असावेत, असं मी धरून चालले.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वाढदिवसाला ठाण्याच्या भाचीने एक खोका पाठवला. आत पारदर्शक, जेलीसारखे लिबलिबीत शिक्के. पानं, फुलं, कोयऱ्या, बटणं आणि पाच बायकांचे पाच चेहरे. सोबत एक छापील कागद, त्यावर माणसाचे सुटे अवयव मांडलेले. मान आणि धड एकत्र, दंड दोन, कोपराखालचे हात दोन, मांड्या दोन, पोटऱ्या दोन. एकूण नऊ तुकडे. पंचनाम्याचा कागद वाटावा असा. तर हा हातपाय हलणाऱ्या कागदी बाहुलीचा साचा होता. तुकडे कापायचे, शिक्क्यांनी सजवायचे आणि पिनांनी जोडायचे. भाचीने चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मावशी, तुझ्या हाताला शिक्क्यांची सवय आहेच.'

घात त्या सवयीनेच केला. चेहऱ्याचा शिक्का काचेसारख्या ठोकळ्यावर चिकटवला, पॅडवर आपटला आणि कागदावर धप्प. ठोकळा सरकला. बाईला दोन नाकं आली. दुसरीला हनुवटीच आली नाही. तिसरीच्या कपाळावर ठोकळ्याच्या कडेची रेघ उमटली, नवऱ्याने ती आठी समजून "ही तुझ्यासारखी दिसते" असं सांगून टाकलं.

मग व्हिडिओ बघून शिकले. शिक्का पॅडवर आपटायचाच नाही. शिक्का उताणा धरायचा आणि पॅड उचलून त्याच्यावर हलके हलके टेकवायचं, लहान मुलाच्या गालाला पावडर लावतो तसं. कागदावर ठेवल्यावर बोटांच्या पोटाने सगळीकडे सारखं दाबायचं, डोलवायचं नाही, आणि सरळ वर उचलायचं. आवाज येतच नाही. मला पहिले चार दिवस शिक्का बसला की नाही, याची खात्रीच पटेना.

शाईचा धडा वेगळा. घरात ऑफिसचं जांभळं पॅड पडलेलं होतं, म्हटलं कशाला खर्च. चेहरा झकास उठला. वाळला असं वाटल्यावर गालांवर जलरंगाचा गुलाबी हात फिरवला, आणि डोळ्यांतून जांभळे ओघळ थेट गळ्यापर्यंत आले. ती शाई पाण्यात विरघळते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पावसाळ्यात भिजून आलेल्या पासबुकांवरचे शिक्के कसे पसरायचे, ते मीच तर वर्षानुवर्षं बघत होते. ती रडकी बाहुली मी टाकली मात्र नाही. पाचही जणींत खरा चेहरा तिचाच आहे.

साच्याचा कागद दोनतीनदा गिरवून मऊ पडला, तेव्हा काहीतरी टणक हवं झालं. पुठ्ठ्याची कड झिजते. कपाटात सासूबाईंच्या गुडघ्यांच्या एक्स-रे फिल्म होत्या, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "घे. त्या गुडघ्यांचा मला तरी काय उपयोग." फिल्म कात्रीने लोण्यासारखी कापली जाते, कड धारदार राहते आणि पेन्सिल तिला टेकून सुरेख फिरते. आता माझ्याकडे नऊ काळपट साचे आहेत. पोटरीचा साचा खिडकीशी धरला की आत हाड दिसतं.

बाहुलीसाठी कागद मात्र विकत आणत नाही. जुन्या लग्नपत्रिका. तशा जाडीचा, तुळतुळीत नसलेला कागद पैसे मोजूनही मिळत नाही. फक्त प्रत्येक बाहुलीच्या पाठीवर कोणाची तरी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असते, त्याला इलाज नाही.

सगळी गंमत आणि सगळा वैताग सांध्यांचा. तुकड्याचं टोक गोल हवं आणि भोक त्या गोलाच्या बरोबर मध्यावर. जरा बाजूला पडलं तर हात वाकवला की कोपर खांद्याच्या वर निघतं. भोक पाडायला मी जुनी रबरी स्लिपर खाली घेते आणि वरून दाभण. पिना आणायला रविवार पेठेत गेले, तेव्हा नाव माहीत नव्हतं. "दोन पाय असलेली, पितळी, डोकं गोल, पाय मागून फाकवायचे," असं वर्णन केलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ब्रॅड म्हणा ना, मावशी." बँकेतली मॅडम तिथे संपली.

पहिल्या बाहुलीच्या पिना मी आपल्या पद्धतीने, म्हणजे गच्च बसवल्या. हात वर करायला गेले, तर दंड वर गेला नाही, चुरगळला. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे सांधा म्हटलं की मला आधी रूळ आठवतात. दोन रुळांच्या जोडात फट ठेवलेली असते, उन्हाळ्यात लोखंड फुगतं म्हणून. लहानपणी गाडीत झोप यायची ती त्या फटींच्या खडक-खडक आवाजावरच. हे सगळं माहीत असून मी पिना आवळल्या होत्या! आता युक्ती सापडली आहे. पिनेचे पाय फाकवताना मध्ये पत्रिकेची एक बारीक पट्टी सरकवायची आणि नंतर ती ओढून काढायची. तेवढीच ढील राहते. फार राहिली तर हात लोंबतो, लग्नघरातल्या दमलेल्या करवलीसारखा.

आपल्याकडे बाहुली हलते म्हटलं की ती कळसूत्री. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, असं तिन्ही सांभाळून आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे दोरी वर असते, हलवणाराच्या बोटांत. पॅरिसमध्ये १७४७च्या सुमारास एक कागदी बाहुलं निघालं, पँटिन नावाचं, त्याची दोरी खाली लोंबायची. हातापायांची आतली टोकं पाठीमागून दोऱ्याने बांधलेली. दोरी ओढली की आतलं टोक खाली जातं आणि पंजा वर, तराजूच्या दांडीसारखं. मुलांचं खेळणं म्हणावं, तर वेड लागलं मोठ्यांना. चांगल्या घरचे स्त्री-पुरुष ते जवळ बाळगून चारचौघांत नाचवायचे. पुढच्या शतकात फ्रान्समधल्याच एपिनाल गावच्या छापखान्यांनी तर या बाहुल्यांचे छापील तक्तेच विकायला काढले, कापा आणि जोडा. म्हणजे भाचीने पाठवलेला 'पंचनामा' तसा जुनाच.

आणि लॉटे रायनिगर. या जर्मन बाईंनी काळ्या कागदाच्या आणि पातळ शिशाच्या पत्र्याच्या बाहुल्या कात्रीने कापल्या, तारेने सांधे जोडले आणि प्रत्येक बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, असं करत जवळजवळ तीन वर्षांत एक पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला. १९२६ साली तो लागला. नुसती सावली, चेहऱ्यावर नाकडोळे नाहीत, आणि तरी मान जराशी कलली की रुसवा कळतो. ते बघितल्यापासून मी चेहऱ्याच्या शिक्क्यांवर एवढा जीव टाकणं सोडलं. पाचांपैकी कुठलाही चालतो. बाई कोण आहे ते तिचं कोपर ठरवतं. एक हात कमरेवर ठेवला की भांडायला आली. तोच हात डोक्याशी नेला की दळण आणायचं विसरली.

सध्याची बाहुली नऊवारीतली आहे. काठाला कोयरीचा शिक्का नऊ वेळा, हिरव्यावर सोनेरी, एकदाही न सरकता. ती फ्रिजवर लोहचुंबकाने लावली आहे. रोज सकाळी तिची पोझ वेगळी असते. कधी नमस्कार, कधी एक पाय मागे, काल तर दोन्ही हात वर, बसमध्ये दांडी धरल्यासारखे. नवरा शपथेवर नाही म्हणतो.

आज पहाटे पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात दिवा. सासूबाई बाहुली ओट्यावर घेऊन बसल्या होत्या. वय ८६. गुडघे गेल्यापासून पूजा खुर्चीत बसून करतात आणि देवासमोर उंच बसावं लागतं म्हणून रोज एकदा देवाची माफी मागतात. बाहुलीचा पाय त्यांनी गुडघ्यात दुमडला होता, मग उलटा दुमडून बघितला, मग दोन्ही पाय एकमेकांवर चढवायला लागल्या.

"हिला मांडी घालता येते का गं?"

"नाही आई. सपाट आहे ना ती. नुसते बाजूला वाकतात पाय."

"एवढ्या पिना लावून?"

"एवढ्या पिना लावून."

त्यांनी तिचे पाय सरळ केले, पदर बोटाने नीट केल्यासारखा केला आणि बाहुली माझ्या हातात दिली.

"मग हिला एक खुर्ची करून दे. पाठीला उशी घाल."