लेकरू रडायलंय, बाप्या माणसानं काय करायचं? माझा अनुभव

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको उदगीरला आन मी नोकरीला लातूरला. शनिवारी एसटीनं जायचं, लेकराला जरा घ्यायचं आन ते रडलं की लगेच सासूबाई, "द्या जावईबापू, बाप्या माणसाला काय कळतंय त्यातलं."

एकदा आशाताई आल्या तेव्हा मी घरीच होतो. (दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ व्या दिवसापर्यंत त्यांच्या ६ भेटी असतात.) त्या सगळं बायकांनाच सांगायल्या, मी म्हणलं ताई मला पण दाखवा. मग त्यांनी ढेकर कसा काढायचा, उघड्या छातीला लेकरू कसं धरायचं ते शिकवलं, घुटी-पाणी बंद, ६ महिने फक्त आईचं दूध. आन कितीही रडलं, आपलं डोकं फिरलं तरी लेकराला गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होतो, त्यापरीस पलंगावर नीट उताणं ठेवून आपण जरा बाहेर जाऊन यायचं.

मला वाचायचा नाद, रात्री मोबाईलवर शोधत बसलो. फ्रान्स आन काँगोमधल्या आईबापांना २०१३ च्या अभ्यासात वेगवेगळ्या लेकरांचं रडणं ऐकवलं होतं, तर दिवसाचे ४ तास लेकरापाशी असणारे बाप आपल्या लेकराचं रडणं आईइतकंच बरोबर ओळखायलेत, कमी वेळ देणारे मागं. इस्रायलच्या २०१४ च्या अभ्यासात पण तसंच, बाप जितका जास्त सांभाळणार तितके त्याच्या मेंदूतले भावनेचे आन समज लावायचे भाग एकमेकाला जास्त जोडलेले. आन अमेरिकेत एमोरी विद्यापीठात रडणं ऐकवून बापांचे स्कॅन काढले, त्यात ज्यांचा मेंदू अतीच पेटतो ते पण आन ज्यांना काहीच होत नाही ते पण लेकराला सांभाळण्यात कमीच, मधले बरे. मी त्या अतीच पेटणाऱ्यातला, रडलं की मला घाम फुटायचा.

तर मग रजा टाकली, उदगीरला मुक्काम ठोकला आन रात्रीची पाळी मागून घेतली (सासरे दोन दिवस माझ्याकडं बघून नुसते हसायले). दीड महिन्याच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतंय, ते नेमकं माझ्याच वाट्याला आलं. पण हळूहळू फरक कळायला लागला, भुकेचं असलं की मूठ तोंडात घालतंय, गॅसचं असलं की पाय पोटाशी घेतंय, आन कधी कधी कशाचंच नसतंय, तेव्हा छातीला धरून ओसरीत चकरा मारायच्या. घाम फुटायचा थांबला.

आता सासूबाईची सिरियल लागली की लेकरू आपोआप माझ्याकडं येतंय.