छत्री हलत नाही, उपग्रह हलतो

आकाशदर्शनाचा कार्यक्रम संपून मी दुर्बीण आवरायला घेतली, की कुणीतरी हमखास विचारतं, "टीव्हीचे उपग्रह इतक्या उंचावर असतात. तिथे ना हवा, ना घर्षण. मग पंधरा वर्षांत त्यांचं इंधन संपतं कसं?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. ते बहुतेक चंद्र-सूर्यापायी संपतं.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्या फिरण्याच्या तालातच फिरतात, म्हणून आकाशात एका जागी दिसतात. चंद्र-सूर्य विषुववृत्ताच्या प्रतलात क्वचितच येतात, म्हणून त्यांची ओढ तिरकी बसते. पृथ्वीलाही ते ओढतातच. पण पृथ्वीला बसणारी ओढ आणि उपग्रहाला बसणारी ओढ यांत किंचित फरक असतो आणि त्या फरकाने कक्षा कलते. समुद्राच्या भरतीचं गणितही हेच. म्हणूनच सूर्यापुढे एवढासा असलेला चंद्र, जवळ असल्यामुळे, इथे त्याच्या दुप्पट भारी पडतो.

एकदा नववीतल्या मुलीने विचारलं, "जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे ओढणार, डिसेंबरात दक्षिणेकडे. मग फिटंफाट नाही का होत?" मला हा प्रश्न फार आवडतो. नाही होत, कारण सहा महिन्यांत सूर्य कक्षेच्या पलीकडच्या बाजूला गेलेला असतो. परातीची एक कड उचला किंवा समोरची कड दाबा, परात एकाच बाजूला कलते. चंद्र हेच दर महिन्याला करतो.

कक्षेचा हा कल वर्षाला पाऊण ते जवळपास एक अंश वाढतो. तो मोडायला इंधन जाळून वर्षाकाठी एकूण सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल करावा लागतो. पूर्व-पश्चिम जागा राखायला त्याच्या तुलनेत अगदी थोडा. आपल्या उपग्रहांसाठी हे काम हासन आणि भोपाळ इथल्या इस्रोच्या नियंत्रण केंद्रांतून चालतं. ते थांबलं, तर उपग्रह आकाशात रोज इंग्रजी आठचा आकडा काढू लागेल आणि दोनएक वर्षांत गच्चीवरच्या छत्रीला तो दिवसातले काही तास नीट सापडणार नाही.

पण कललेला उपग्रह वाया जातोच असं नाही. दक्षिण ध्रुवावरून विषुववृत्तावरचे उपग्रह क्षितिजाखाली राहतात. १९७८ साली सोडलेला गोज-३ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह म्हातारपणी इतका कलला, की रोज काही तास ध्रुवावरून दिसू लागला. तिथल्या संशोधन केंद्राचा जगाशी संपर्क २०१६ पर्यंत त्याच्यामार्फतही होत होता.