'देसु का' म्हणजे 'आहे का'

चाकणच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे. काइझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) हे जपानी शब्द आमच्याकडे नव्या हेल्परलाही पाठ असतात. त्यामुळे जपानी आपल्याला जमेल असं वाटलं आणि मोबाइलवर ॲप घेतलं. कंपनीच्या बसमध्ये रोज वीस मिनिटं. २१४ दिवसांत एकही खाडा नाही.

मग जपानहून इंजिनिअर आले. कॅन्टीनमध्ये माझ्या डब्यातल्या ठेच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "कराई देसु का?" तिखट आहे का? प्रश्न अक्षरन्अक्षर कळला, पण तोंडातून शब्द फुटेना. नुसती मान हलवली. फार लागलं ते मनाला.

ॲपवर चारांतलं एक उत्तर निवडायचं असतं. मिरचीचं चित्र दिसलं की 'कराई' ओळखू येतं. समोर माणूस बसला की तोच शब्द आठवत नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन-५, १८० पैकी ८० गुणांना सुटते, प्रत्येक भागात किमान गुण लागतात एवढंच, पण बोलण्याची परीक्षा तिच्यातही नाही. एकट्याने शिकणाऱ्याला तोंड उघडायला कुणी लावतच नाही.

त्याहून मोठी अडचण मला उशिरा कळली. ॲप मला इंग्रजीतून जपानी शिकवत होतं. प्रत्येक वाक्य मी आधी इंग्रजीत नेऊन उलटं करायचो आणि मग जपानीत आणायचो. एका रविवारी वहीत सरळ मराठी अर्थ लिहायला बसलो. 'कोरे वा होन देसु का', हे पुस्तक आहे का. शब्दांचा क्रम तोच, शेवटचा 'का'सुद्धा तोच! 'ओइशी देसु ने', छान आहे ना. 'ताबेते मिरु', खाऊन बघणे; 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. पाव तिकडे 'पान' आहे, आणि दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. सात महिने मी घराच्या मागच्या दाराने आत शिरायला धडपडत होतो.

मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. काकू आणि आजी या दोन शब्दांत तिकडे फक्त 'बा' लांबवण्याचा फरक आहे. देवनागरीत दोन्ही 'ओबासान'च लिहिले जातात आणि माझ्या तोंडी दोघी एकच व्हायच्या. तेव्हा देवनागरी सोडली आणि हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं चौकटीच्या वहीत गिरवली. आता प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणतो. बायको पोळ्या लाटता लाटता वहीतलं मराठी वाचते, मी जपानीत सांगतो. अडलो की ती पुढचं वाक्य देत नाही.

गेल्या महिन्यात तेच इंजिनिअर परत आले. मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "चोत्तो कराई देसु. ताबेते मिते कुदासाई." थोडं तिखट आहे, खाऊन बघा.

त्यांनी खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, दोन घोट पाणी प्यायले आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.