२५६ किलोच्या पुढची गाडी

चोपड्याकडच्या एका भुईकाट्यावर केळीच्या गाडीची पावती निघाली: भरलेली ३८७०, रिकामी ३८७०, निव्वळ शून्य. इंडिकेटरवर, म्हणजे काट्याच्या वजन दाखवणाऱ्या डब्यावर, भरलेलं वजन ९४६० स्वच्छ दिसलं होतं. "भाऊ, वजन शून्य ई राह्यनं," ऑपरेटरचा फोन. मध्येच पावती छापणारा प्रोग्रॅम आपोआप बंदही पडायचा. लोडसेल (वजन टिपणारे सेन्सर) तपासून झाले, केबल बदलून झाली. कुठेही काही अडलं की आधी काट्यावर संशय घ्यायचा, ही सवय वाईट आहे.

प्रोग्रॅम पायथन ३.१२ चा. इंडिकेटरच्या ओळींतून दोन्ही वजनं काढून त्यांची लिस्ट देणारा भाग तेवढा सी भाषेत, वेगासाठी म्हणे. ९६०० बॉडच्या (सिरियल केबलच्या) संथ वेगाने येणाऱ्या चार ओळींना कसला वेग हवा? साध्या पायथनने भागलं असतं.

क्रॅश कुठल्या ओळीवर झाला ते सांगणारा पायथनचा फॉल्टहँडलर लावला, तर क्रॅश पावती छापणाऱ्या ओळीवर दिसला. तिथे दोष नव्हताच. मेमरी बिघडते एकीकडे, प्रोग्रॅम पडतो दुसरीकडे. मग पायथनमॅलॉक=डीबग, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारी सेटिंग, ठेवून चालवलं. या मोडमध्ये मोकळी केलेली जागा डीडी या बाइटने भरली जाते. जीडीबी या डीबगरमध्ये लिस्टमधल्या वजनाचा टाइप पॉइंटर (ती वस्तू कुठल्या प्रकारची ते सांगणारा पत्ता) पाहिला: डीडीडीडीडीडीडीडी. म्हणजे लिस्ट ज्याला धरून बसली होती, ते कधीच मोकळं झालं होतं. मेमरीचा वापर तपासणाऱ्या व्हॅलग्रिंडने मोकळं करणारी ओळही दाखवली. तिथे पायथनमॅलॉक=मॅलॉक द्यावंच लागतं, नाहीतर पायथनचा स्वतःचा अलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) छोट्या वस्तू मोठ्या तुकड्यातून वाटतो आणि व्हॅलग्रिंडला आतलं काही कळत नाही.

एखादी वस्तू किती जणांनी धरलीय, म्हणजे तिचे रेफरन्स किती, याची मोजणी पायथन ठेवतं; ती शून्य झाली की जागा मोकळी. आधीच्या कोडमध्ये लिस्टमध्ये वस्तू घालणारं पायलिस्ट_अपेंड आणि त्यामागे ही मोजणी एकने कमी करणारं पाय_डेकरेफ होतं. ते बरोबरच, कारण अपेंड स्वतःचा वेगळा रेफरन्स घेतं. नंतर कुणीतरी अपेंडच्या जागी पायलिस्ट_सेटआयटम घातलं. सेटआयटम आपल्या हातातला रेफरन्सच घेऊन टाकतं, पण डेकरेफ तसंच राहिलं. ९४६० तिथेच मोकळं झालं, त्याच जागेवर ३८७० येऊन बसलं आणि लिस्टचे दोन्ही खाने एकाच पत्त्याकडे बघू लागले.

टेस्ट का पास झाल्या? त्या केळीच्या एकेका कॅरेटच्या (क्रेटच्या) वजनावर होत्या, १८ किलो, ४० किलो. -५ ते २५६ हे पूर्णांक पायथन आधीच तयार ठेवतं आणि ३.१२ पासून ते अमर आहेत. कितीही डेकरेफ करा, मोजणी हलत नाही. जुन्या आवृत्तीत मोजणी घसरत जाऊन कधीतरी बोंब तरी झाली असती. गाडी मात्र २५६ च्या कितीतरी पुढची.

डेकरेफच्या दोन ओळी काढल्या, टेस्टमध्ये हजारांतली वजनं घातली. काट्यावर आता बरोबर चाललंय.

शून्याची पावती लगेच डोळ्यात भरते. पण त्या मोकळ्या जागेवर तिसराच आकडा बसला असेल, तर चुकीचं वजन खरं वाटावं असं छापलं गेलं असेल, आणि पैसे शेतकऱ्याचे जातात. इंडिकेटरच्या कच्च्या ओळी फाइलमध्ये जशाच्या तशा आहेत. त्या एकेक पावतीशी ताडून बघणं चालू आहे.