सरळ केलेला सूर

आज दुपारी भाचीच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी तिच्यासोबत एका छोट्या स्टुडिओत गेलो होतो. तिचा आवाज संगणकाच्या पडद्यावर नागमोडी रेघेसारखा उमटला होता. तंत्रज्ञाने माउसने ती रेघ दोन-तीन ठिकाणी ओढून सरळ केली आणि अंतऱ्यातला तिचा किंचित उतरलेला पंचम (‘प’ हा सूर) जागेवर बसला, पण त्याबरोबरच पंचमावर येताना तिने घेतलेली नाजूक मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, महिनाभर तंबोऱ्यावर घोटलेले) पुसली गेली. मला फार वाईट वाटले.

असे सूर दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली बाजारात आले आणि ही सोय जगभरच्या लोकप्रिय संगीतात रुळली. त्याच्या कितीतरी आधी, सगळ्यांचा आवाज एकत्र, एकाच ट्रॅकवर मुद्रित होत असे तेव्हा, शेवटच्या ओळीत व्हायोलिन चुकले तरी सगळ्यांना गाणे पहिल्यापासून करावे लागे, म्हणून तालमी कसून होत. आज गायकाला पुष्कळदा चाल स्टुडिओतच कळते. शिवाय स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर ३० सेकंद ऐकले की गाणे एकदा वाजले असे मोजले जाते, त्यामुळे सुरुवातीचे संगीतही आखडले आहे.

तरीही प्रतिभा आटली असे मला मुळीच वाटत नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले आणि ती गाणी गावोगावच्या वरातींत वाजली. भाचीचा गळाही कसदार आहे; तिला हवा आहे तो तालमीसाठी आठवडा. निघताना मी तंत्रज्ञाला मूळ मुद्रण जपून ठेवायला सांगितले. पुढच्या रविवारी भाची ती ओळ पुन्हा गाणार आहे.