तुम्ही विचारलंत म्हणून: नायटा त्यालाच का होतो?

बुरशीचे नमुने तपासण्याच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न माझ्या कानावर वरचेवर येतो: घरातली सगळी माणसे एकाच छपराखाली राहतात, एकच पाणी वापरतात, मग नायटा त्या एकालाच पुन्हापुन्हा का होतो? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तरही तयार असते. तो स्वच्छता पाळत नसणार, किंवा मग त्याची प्रतिकारशक्ती कमी असणार. मला दुसरे उत्तर अधिक खटकते, कारण प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखी कमी-जास्त होणारी एकच गोष्ट आहे, असे ते गृहीत धरते.

त्वचेचा खरवडलेला नमुना काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला की पेशी हळूहळू पारदर्शक होतात आणि त्यांच्यामधून आरपार गेलेले बुरशीचे तंतू दिसू लागतात. काही आठवड्यांत बरे होणाऱ्याचे आणि वर्षानुवर्षे हैराण असणाऱ्याचे तंतू तिथे सारखेच दिसतात. पुढचा शोध रक्तात घ्यावा लागतो.

बुरशीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकन हा घटक पांढऱ्या पेशींवरील डेक्टिन-१ हे प्रथिन ओळखते, कार्ड-९ हे प्रथिन तो निरोप पेशीच्या आत पुढे नेते, आणि त्यातून इंटरल्युकिन-१७ सारख्या संदेशवाहकांच्या निर्मितीला चालना मिळते. या साखळीची कोणती कडी जन्मतः कच्ची आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. इंटरल्युकिन-१७ चा मार्ग अडला तर कॅन्डिडा ही बुरशी तोंडात, नखांत आणि त्वचेवर ठाण मांडते, पण रक्तात सहसा उतरत नाही. कार्ड-९ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर मात्र ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. २००९ साली एका इराणी कुटुंबाच्या अभ्यासातून हा दोष पुढे आला. एरवी त्वचेच्या मृत थरावर भागवणारी नायट्याची बुरशी याच दोषामुळे खोल ऊतींत आणि लसिकाग्रंथींत शिरते, हे २०१३ साली उत्तर आफ्रिकेतील कुटुंबांत दिसले. या रुग्णांना जीवाणू आणि विषाणू विशेष त्रास देत नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती ‘कमी’ म्हणायची ती कोणत्या मापाने?

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आनुवंशिक आजारात गोष्ट आणखी निराळी आहे. इथे पांढऱ्या पेशी बुरशीला गिळतात, पण तिला मारण्यासाठी लागणारी ऑक्सिजनची तीव्र संयुगे तयार करू शकत नाहीत, आणि तुमच्या-माझ्या श्वासातून रोज आत जाणारे ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू अशा मुलाच्या जिवावर उठतात. तपासणीत या पेशींना उत्तेजित करून त्या चमकतात का, हे पाहतात. निरोगी माणसाच्या आलेखावर चमकणाऱ्या पेशींचा एक उंचवटा येतो, आजारी मुलाच्या आलेखावर न चमकणाऱ्यांचा. दोष एक्स गुणसूत्रावरचा असेल तर वाहक आईच्या आलेखावर दोन्ही उंचवटे शेजारी शेजारी उभे असतात, कारण तिच्या काही पेशी चांगली प्रत वापरतात आणि काही सदोष. आनुवंशिकता इतक्या उघडपणे दिसणारे चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

हे सगळे दोष दुर्मीळ आहेत. सौम्य फरक मात्र पुष्कळांत असतात. डेक्टिन-१ अर्धवट तयार होण्यास कारणीभूत असणारा एक बदल नखांच्या आणि योनिमार्गाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाशी जोडला गेला आहे, तरी त्याची एक प्रत बाळगणारी बहुतेक माणसे धडधाकट असतात.

यावर लगेच विचारले जाते, की मग जनुकीय तपासणी करून घ्यावी का? साध्या नायट्यासाठी मी तरी घाई करणार नाही. अर्धवट सोडलेले उपचार, स्टेरॉइड मिसळलेली मलमे, मधुमेह आणि औषधांना न जुमानणारी बुरशी ही कारणे आधी तपासावीत. पण लहानपणापासून तोंडातला कॅन्डिडा हटत नसेल, बुरशी खोलवर शिरली असेल किंवा भावंडांतही तेच दिसत असेल, तर रोगप्रतिकारशास्त्राच्या तज्ज्ञाकडे जाण्यास उशीर करू नये, आणि जाताना आई-वडिलांचे परस्परांशी रक्ताचे नाते असल्यास तेही न संकोचता सांगावे.